नानांनी फरशीवाला ठरवला

फाटकाशी टेम्पो थांबल्याचा आवाज आला आणि नाना चहाचा कप घेऊन खुशीत खिडकीशी गेले. मागोमाग दुसरा टेम्पो आला तेव्हा कपातला चहा हिंदकळला. तिसरा वळणावर दिसताच ते सरळ न्हाणीघरात शिरले आणि त्यांनी आतून कडी लावून घेतली.

"अहो!" बाईंनी दारावर थाप मारली. "एवढ्याशा बालवर्गाच्या फरशीला तीन टेम्पो?"

"माल जास्त असेल," नाना आतून म्हणाले आणि त्यांनी नळ सोडला.

बाई म्हणजे नानांची बायको. सगळी आळी त्यांना बाई म्हणे, आणि घरात दुसरं काही म्हणायचा नानांनाही धीर होत नसे. वर्षानुवर्षं भाड्याच्या खोलीत, उखडलेल्या कोब्यावर सतरंजी टाकून त्यांनी पोरं शिकवली होती. आता घरामागच्या जागेत त्यांच्या स्वतःच्या बालवर्गाची इमारत उभी होती. भिंती झाल्या, छप्पर झालं, राहिली ती फरशी. पोरं जमिनीवरच बसणार, तिथेच लोळणार आणि तिथेच भोकाड पसरणार, म्हणून बाईंचा सगळा जीव त्या फरशीत होता. वर्ग उघडायचा दिवस पालकांना सांगूनही झाला होता. एवढ्या व्यापात त्यांनी नानांवर दोनच कामं सोपवली होती. एक फरशीवाला ठरवायचा आणि उद्घाटनाला एक पाहुणा बोलवायचा.

"तिघांना भेटा. एकाला हो म्हणा, दोघांना नाही म्हणा. जमेल?"

"न जमायला काय झालं?" नाना म्हणाले होते.

झालं ते असं, की नाना कमालीचे भिडस्त होते. समोरच्याचं तोंड उतरलेलं त्यांना बघवत नसे. पहिले मिशीवाले कंत्राटदार नमुन्यांची जड पिशवी घेऊन धापा टाकत आले. त्यांचा घाम बघूनच नाना म्हणून बसले, "तुमच्याशिवाय दुसरं आहे कोण?" दुसरे आजोबा. ते फक्त एवढंच म्हणाले, "आमची आठवण ठेवा हं," आणि नाना विरघळले. "आठवण कसली, काम तुमचंच समजा." तिसऱ्या ताईंनी आडवळण न घेता विचारलं, "काम माझं ना?" नानांच्या मनात नाही होतं, पण मान हलली ती वर-खाली.

त्या दिवशी जेवताना बाईंनी विचारलं, "ठरला का?"

"ठरला."

"कसा आहे?"

"माणूस उत्तम आहे," असं म्हणून नाना ताटातल्या भाताकडे बघत राहिले. बायकोशी धड खरं बोलता आलं नाही आणि धड खोटंही, याची त्यांना फार लाज वाटली. मिशीवाल्यांना ठेवायचं आणि बाकी दोघांना फोनवर नाही सांगून टाकायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. फोनवर तोंड दिसत नाही, हा त्यातला मोठाच फायदा.

"आजोबा, ते फरशीचं जरा..."

"तुमचीच वाट बघत होतो! आत्ताच मुलाला म्हटलं, हा शब्दाचा माणूस आहे."

आता शब्दाच्या माणसाने काय करावं? "तेच विचारायला केला होता फोन," नाना म्हणाले, "कधी येताय?"

"सोमवारी?"

"या."

ताईंनी तर नानांना हॅलोच्या पुढे जाऊच दिलं नाही. "सोमवारी माल आणते," म्हणून फोन ठेवला. मिशीवाल्यांचा सोमवार आधीच ठरलेला होता.

न्हाणीघरात माणूस बसून बसून किती बसणार? नाना मागच्या दाराने गुपचूप इमारतीत गेले. मिशीवाल्यांनी विचारलं, "हे आजोबा कोण?" नानांच्या तोंडून निघून गेलं, "रंगवाले." आजोबांना त्यांनी ताई नळाच्या कामाला आल्याचं सांगितलं, आणि ताईंना सांगितलं की मिशीवाले विजेचं बघतात. आपण इतकं सफाईने बोलू शकतो, याचं त्यांना क्षणभर कौतुकही वाटलं.

ते क्षणभरच. मिशीवाले आजोबांना समजुतीने म्हणाले, "आजोबा, रंग नंतर हं. माझ्या फरशीवर थेंब पडायला नको."

"तुमची फरशी?" आजोबा म्हणाले. "आणि रंग कसला?"

"अहो वीजवाले," ताई मागून ओरडल्या, "माझ्या फरशांवर पाय काय देताय?"

मग तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि तिघांनी मिळून नानांकडे पाहिलं. नेमक्या त्याच वेळी बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. कोणीतरी आरडाओरडा केला असता तर नानांना बरं वाटलं असतं. आजोबा नुसतं म्हणाले, "मी मुलाला सांगितलं होतं हो," आणि नानांना कुठे तोंड लपवावं ते कळेना.

"सांगा," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "कोणाला नाही म्हणताय, ते माझ्यासमोर सांगा."

नानांनी तोंड उघडलं. मिशीवाल्यांचा घाम पाहिला, आजोबांचे डोळे पाहिले, ताईंचा चढलेला पारा पाहिला, आणि तोंड मिटलं.

"राहू द्या, आम्हीच सांगतो," ताई म्हणाल्या. "माझ्याकडून नाही."

"माझ्याकडूनही नाही," मिशीवाले म्हणाले.

"नाही," आजोबा म्हणाले.

इतका सोपा शब्द! नाना बघतच राहिले. टेम्पो आले तसे भरून गेले, आणि उघड्याबोडक्या खडीवर एकट्या बाई उभ्या राहिल्या. नाना जन्मात इतके शरमले नव्हते.

शेवटी बाई स्वतः गेल्या. तिघांचीही माफी मागितली आणि ताईंना गळ घातली. ताई तयार झाल्या, पण एका अटीवर. काम संपेपर्यंत साहेबांनी तिकडे फिरकायचं नाही.

नाना फिरकले नाहीत. खिडकीचा पडदासुद्धा त्यांनी सरकवला नाही.

फरशी झाली त्या संध्याकाळी बाई चपला काढून आत गेल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या आणि मधोमध बसून फरशीवरून हात फिरवू लागल्या. कुठे खाच नाही, कुठे उंचवटा नाही. त्यांचे डोळे भरून आले. दाराशी नाना उभे होते.

"येऊ का?"

"या. काम संपलं, ताईंची अटही संपली."

नाना अंग चोरून शेजारी बसले. "चुकलं माझं. खरंच लाज वाटते."

"जाऊ दे," बाई म्हणाल्या. त्यांचा हात अजून फरशीवरून फिरत होता. "दुसरं काम तरी केलंत ना? पाहुण्यांना सांगितलंत?"

"सांगितलं. नक्की येतो म्हणाले."

"कोण आहेत?"

नाना फरशीकडे बघू लागले.

"माणूस उत्तम आहे," ते म्हणाले.

बाईंचा हात फिरता फिरता थांबला.