वाकड्या काठाचे पापड

जाधव गुरुजी ताटातला पापड लगेच खात नाहीत. आधी तो डोळ्यांसमोर आडवा धरतात, एक डोळा मिटतात आणि काठ निरखतात. शहापूरच्या एका लग्नात त्यांनी असे केले, तेव्हा आचारी पंगत ओलांडून धावत आला.

"गुरुजी, तेलाचा डबा आजच फोडलाय!"

"तेल नाय रे! एक बाजू वर, एक खाली. आपली आकाशगंगा अशीच हाय!"

शेजारच्या वऱ्हाड्याने आपले पान हळूच दूर सरकवले.

सापगावात त्यांचे अंगण आमच्या अंगणाला लागून. चैत्रात मी तांदळाचे पापड वाळत घातले, की उन्हात कोमट, गोडसर वास पसरतो आणि त्यामागोमाग गुरुजी कुंपणाशी येतात. नोकरी सुटली, शिकवणे सुटले नाही. ताऱ्यांची ती अफाट तबकडी मध्ये सपाट आणि काठाला वाकलेली असते, हे त्यांनी एकदा सिलिंडरवाल्यालाही थांबवून सांगितले.

"कशानं वाकते?" खांद्यावरचे ओझे सावरत त्याने विचारले.

"एखादी धाकटी दीर्घिका जवळून जाते, काठ ओढून जाते. नायतर भोवतीचं न दिसणारं द्रव्य तिरकं असतं, ते ओढत राहतं. जाणारी निघून गेली तरी काठ लगेच सरळ होत नाय."

"बरं. सिलिंडर कुठं ठेवू?"

पापड अर्धवट सुकले, की मी त्यांवर पाट आणि पाटावर वरवंटा ठेवते. लगेच कुंपणापलीकडून हाक येते, "दाबू नको गो! काठ मरतो!"

"वाकडे डब्यात मावत नाहीत, गुरुजी."

"डबा मोठा घे!"

यंदा ते स्वतःच डबा घेऊन आले. आत एकच पापड होता. त्यांच्या पत्नीला, शांताबाईंना, जाऊन वर्ष होत आले आहे.

"तिला पाट ठेवायचा धीर नसायचा," ते म्हणाले. "सगळे असेच व्हायचे. जन्मभर नावं ठेवली मी. हा शेवटचा. तळला, की संपला. असा एखादा जमेल तुला?"

मी त्या काठावरून बोट फिरवले. एक बाजू वर, एक खाली. बोटाला पिठाची मऊ धूळ लागली.

मी वरवंटा उतरवला, पाट उचलून भिंतीला टेकवला. गुरुजी उन्हातच बसून राहिले. बऱ्याच वेळाने उन्हाने एका पापडाचा काठ आपोआप वर उचलला गेला. त्यांनी तो हातात घेतला नाही, डोळाही मिटला नाही. फक्त डोक्यावरची टोपी काढून पापडाजवळ आलेला कावळा हाकलला.