बँडचं नाव न घेणाऱ्या प्रज्ञामावशी

प्रज्ञामावशी सोनावणे यांच्यावर अन्याय झाला. गेल्या जयंतीच्या शनिवारी, भर दुपारी, मिरवणूक सिडनीतल्या टूनगॅबीच्या पार्कपाशी उभी असताना आमच्या मंडळाचे सेक्रेटरी मोरेकाका यांनी त्यांना व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढून टाकलं. नोटीस नाही, सुनावणी नाही, निरोपाचा 'जय भीम'सुद्धा नाही. आरोप काय, तर अफवा पसरवणं. जयंती कोणाची होती, हे तरी आठवायचं! संविधान लिहिणाऱ्याच्या जयंतीला विनासुनावणी शिक्षा!

मावशी माझ्या शेजारी राहतात. वेस्टमीडच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये नोकरी करतात आणि उरलेल्या वेळात इंग्लंडातल्या एका इंडी रॉक बँडच्या बातम्या मराठीतून देतात. कोणी मागत नाही, तरी देतात. तो बँड आपसांत भांडून फुटला त्याला जमाना झाला. पण मावशींच्या मते आजचे झाडून सगळे गिटारवाले त्याच्याच ताटातलं उष्टं खाऊन मोठे झालेत.

गंमत पुढे आहे. मावशींचे यजमान होते तेव्हा मावशी त्यांना चारचौघांत खुशाल "ए विजय" म्हणायच्या. बँडचं नाव मात्र त्यांनी कधी तोंडाने घेतलं नाही. जुन्या बायका नवऱ्याचं घेत नसत, अगदी तसं.

"मावशी, घ्या की एकदा!"

"जिवाभावाचं नाव असं उठसूट घेत नाहीत गं. 'बँड' म्हटलं की कळतं."

"कोणाला कळतं?"

"ज्याला कळायचं त्याला."

त्यामुळे ग्रुपवर बातम्या यायच्या त्या अशा: 'गायकाने केस कापले. फार वाईट कापलेत.' 'गायक मुलाखतीत खोकला. त्याचा नवा अल्बम लांबणार.' प्रत्येक बातमीखाली ठरलेला शिक्का: 'अधिकृत नाही, पण खात्रीचं.' खात्री कुठून? तर तिकडे मँचेस्टरला कोणा बाईचा कुत्रा आणि गायकाचा कुत्रा एकाच बागेत फिरायला येतात. मी हसले तर मावशी म्हणाल्या, "हसू नकोस. माणसं खोटं बोलतात, कुत्रा कशाला बोलेल?"

मंडळातल्या कोणीच हे वाचत नसे. मोरेकाका तर मावशींचं नाव दिसलं की बोट वर सरकवत. त्यांनी आयुष्यात एकदाच मावशींची बातमी वाचली आणि तिथेच घात झाला. ती बातमी अशी: 'आनंदाची बातमी! बँडचं मिटलं. गायक तयार झाला. सगळे मिळून सिडनीत वाजवणार. अधिकृत नाही, पण खात्रीचं.'

आता योगायोग बघा. आमच्या मंडळाचाही एक बँड होता आणि तोही नुकताच फुटला होता. गायक मिलिंददादा आणि कीबोर्डवाला प्रशांतदादा यांचं माइक कोणाचा मोठा यावरून वाजलं होतं. मोरेकाकांना वाटलं, बातमी यांचीच! त्यांनी जयंतीसाठी ठरवलेला ढोलवाल्यांचा ताफा आनंदाने रद्द करून टाकला. मिलिंददादाला एक फोन करावा? छे! खात्रीचं होतं ना!

मिरवणुकीला माणसं आली, निळे झेंडे आले, ढोकळा आला. वाद्य मात्र एकही नाही. मिलिंददादा एका झाडाखाली, प्रशांतदादा दुसऱ्या. जो येईल तो त्यांना मिठी मारत होता. "मिटलं म्हणे तुमचं! बेस्ट झालं!"

"कोण म्हणालं?" मिलिंददादा.

"ग्रुपवर आलंय."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अभिनंदन स्वीकारून झाल्यावर भांडत कसं राहायचं? प्रशांतदादाने पाण्याच्या बाटल्यांचा एस्की, म्हणजे बर्फाचा डबा, रिकामा केला, उलटा घातला आणि त्यावर ठेका धरला. "चल, घे भीमगीत. आणि सुरात घे, मेट." मिलिंददादाने असं घेतलं की पलीकडे क्रिकेट खेळणारी पोरंसुद्धा बॅटी टाकून नाचायला आली. अशी मिरवणूक टूनगॅबीत पूर्वी झाली नव्हती!

म्हणजे मावशींच्या बातमीने कार्यक्रम बुडवला नाही, तारला. तरीही मोरेकाकांनी तिथेच, नाचता नाचता, मावशींना काढलं.

मी संतापले. मावशी मात्र भांडेनात. मागच्या अंगणात धुतलेले कपडे वाळत घालत होत्या, तिथे मी त्यांना गाठलं.

"जाऊ दे त्या ग्रुपला! मी तुम्हाला नवीन काढून देते."

"नवीन नको गं. त्यात यशू नसेल."

यशू म्हणजे त्यांची मुलगी. यशूने मेडिसिन अर्धवट सोडलं आणि पार उत्तर टोकाला, डार्विन शहरात नोकरी धरली. तेव्हा मावशी रागाने म्हणाल्या, "आता माझ्याशी बोलूच नकोस." पोरीने आईचं ऐकलं ते नेमकं तेवढंच. पण मंडळाचा ग्रुप तिने सोडला नव्हता.

"बँड तिचाच गं," मावशी चिमटा लावत म्हणाल्या. "शाळेला सोडायचे तेव्हा कारमध्ये तीच लावायची. मी मराठीत विचारलं तरी इंग्लिशमध्ये उत्तर. पण गाणं लागलं की दोघी एकत्र ओरडायचो. आता बोलायचं नाही म्हटलंय ना. पण बातमी देणं म्हणजे काही बोलणं नव्हे. मी बातमी टाकते, खाली तिचा अंगठा येतो. तेवढ्यावरून कळतं, पोरगी बरी आहे." मग हलकेच म्हणाल्या, "जयंतीपासून अंगठा नाही."

मी त्याच दिवशी पत्रक काढलं: 'प्रज्ञामावशींना परत घ्या!' ट्रेनमध्ये वाटलं, मंडळाच्या हॉलच्या दाराला चिकटवलं. आणि मंडळाच्या सभेच्या ऐन आठवड्यात इंग्लंडातल्या बँडने जाहीरच केलं: आम्ही एकत्र, आणि सिडनीला येतोय. कुत्रा खरा ठरला!

सभेत मोरेकाका उठले. "पण बँड कुठला, हे यांनी स्पष्ट का नाही लिहिलं? आज तरी नाव सांगा."

मागच्या रांगेतून बायकांचा गलका उठला. "नाव घ्या! नाव घ्या!" मावशी लाजल्या. पन्नाशीची बाई, लग्नातल्या नवरीसारखी लाजली! मग पदर सारखा करून खणखणीत आवाजात म्हणाल्या:

"वेस्टमीडच्या लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्या,
वेट संडेजचं नाव घेते, आता तरी शंका फिटल्या?"

हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. मोरेकाकांनी हसत हसत फोन काढला आणि सगळ्यांसमोर मावशींना परत ग्रुपमध्ये घेतलं. जिंकलो! पूर्ण जिंकलो!

मावशींनी तिथेच बसून बातमी टाकली: 'बँड सिडनीला येतोय. आता अधिकृत.' चहा होईपर्यंत त्या फोन हातात धरून बसल्या होत्या. अंगठा आला नाही. एक ओळ आली, साऱ्या मंडळासमोर, इंग्लिशमध्ये. त्यात यशूने लिहिलं होतं की तिने बँडच्या शोची दोन तिकिटं काढलीत आणि ती विमानाने येतेय.

मावशींनी फोन माझ्यापुढे धरला. "याला उत्तर इथेच द्यायचं का गं? की फोन केला तर चालेल?"

"चालेल, मावशी."

त्या हॉलबाहेर गेल्या. काचेतून दिसत होतं. बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या, आणि मान हलवत होत्या.

आता तुमच्याकडे वळते. तुम्हीही कुठल्या ना कुठल्या ग्रुपचे ॲडमिन असालच. तिथून कोणाला तरी तुम्ही रागाच्या भरात काढलंय. ते माणूस तिथे कोणासाठी येत होतं, हे तुम्ही विचारलं नव्हतंत. हे वाचून झालं की चहाला उठू नका. फोन हातात घ्या आणि त्या माणसाला परत घ्या. आज. आत्ता.