पियानोला खांदे

कापड, कापूस, लोकर आणि बायकोचा राग, या चार गोष्टी मऊ करण्यात माझा हात धरणारा शिंपी अजून जन्मायचाय! हे मी चार महिन्यांपूर्वीच्या एका रविवारच्या पहाटेपर्यंत अगदी छातीठोकपणे सांगत होतो.

आमच्या बैठकीत बायकोच्या मामांचा ग्रँड पियानो आहे. वय शंभराच्या वर. मामा जन्मभर पियानो शिकवत आले, आणि बायको सहाव्या वर्षापासून याच पियानोवर शिकली. मामा लहान घरात राहायला गेले, म्हणून तो आमच्याकडे ठेवलेला. ठेवलेला, दिलेला नाही! मामांनी बजावलं होतं, "रविवारी येऊन वाजवून बघेन. टच आणि टोन पूर्वीसारखा असेल तर पियानो पोरीचा. नाहीतर संगीतशाळेला देऊन टाकेन."

बायकोने घाबरून पियानोच्या कारागिराला बोलावलं. तो म्हणाला, "तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांचा नमदा, म्हणजे लोकरीचा जाड थर, दबून टणक झालाय. म्हणून टोन कडक येतो. सुईने टोचून मऊ करावा लागेल. दोन आठवडे लागतील."

नमदा? सुई? अहो, हे तर आमचंच खातं!

शनिवारी बायको मामांना आणायला गेली आणि मी कामाला लागलो. पुढची फळी काढली की पट्ट्या आणि हातोड्या खणासारख्या बाहेर येतात. टोचत कोण बसतो! कोटाच्या खांद्यात घालायची पॅडं दुकानात पोतंभर पडली होती. ती कापली आणि अठ्ठ्याऐंशी हातोड्यांना एकेक टाचून टाकली. रविवारी पहाटे शेवटचा टाका घातला, सगळं आत सरकवलं आणि ऐटीत एक पट्टी दाबली.

थप्.

दुसरी दाबली. थप्. उशीला गुद्दा मारावा तसा आवाज!

तेवढ्यात दाराची बेल वाजली. मामा आणि बायको हजर! मामा चहासुद्धा न घेता पियानोवर बसले. दोन्ही हात जोरात चालले. थप् थप् थप् थप्! मामा थांबले. चेहरा पांढराफटक.

"छान आहे," ते पुटपुटले. "पोरी, तू वाजव बघू."

बायकोने वाजवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी दोन बोटं बुटका झालो. मामा तिच्या बोटांकडे बघत होते. डोळे भरून आले होते. "पियानो तूच ठेव गं," ते म्हणाले. "मला आता काय उपयोग!"

जिंकलो की! मी मनातल्या मनात उडी मारणार, तेवढ्यात मामांनी मला खिडकीशी ओढलं.

"जावईबापू, कानाचा चांगला डॉक्टर आहे का ओळखीचा? तुमचं बोलणं ऐकू येतंय, पण सूर गेले हो! एकही ऐकू आला नाही. हिला सांगू नका."

मला भडभडून आलं. पियानो जातो तर जाऊ दे!

"मामा, तुमचे कान ठणठणीत आहेत! बिघडलाय तो तुमचा जावई!" आणि मी सगळं सांगून टाकलं.

मामांनी आ वासला. "गाढवा!" ते ओरडले, आणि मला कडकडून मिठी मारली. "अरे गाढवा! पियानोला खांदे लावलेस?" हसता हसता त्यांना ठसका लागला. "पियानो पोरीचाच! पण तू त्याला हात लावायचा नाहीस!"

मग तिघांनी कात्र्या घेऊन टाके उसवले. मामा पुन्हा बसले. घर दणाणलं! "टोन कडक आहे, पण आहे!" मामा लहान मुलासारखे खिदळत होते. वाजवत वाजवत ते उजवीकडे, अगदी शेवटच्या बारीक सुरांपर्यंत गेले. काय गोड किणकिणत होते ते सूर!

मामा थांबले. त्याच पट्ट्या पुन्हा दाबल्या.

"जावईबापू, इथली पॅडं राहिली की हो काढायची!"

मी टेबलाकडे बघितलं. उसवताना दोनदा मोजलेली अठ्ठ्याऐंशीच्या अठ्ठ्याऐंशी पॅडं तिथेच होती. बायकोने ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघितलं.

"हो मामा, राहिली खरी," मी म्हणालो. "उद्या काढतो."

याला चार महिने झाले. दर रविवारी मामा विचारतात, "काढली का?" आणि मी मान खाली घालून सांगतो, "उद्या नक्की!" माझ्याइतका कामचुकार शिंपी त्रिभुवनात नाही, असा मामांनी अख्ख्या गोतावळ्यात बोभाटा केलाय. करू देत!