लेखिकेचा अर्ज विचाराधीन आहे

जयपूरच्या मराठी मंडळाने शहरातल्या लहान वाचनालयांच्या ग्रंथपालांसाठी 'स्वामित्वहक्क आणि बौद्धिक संपदा' या विषयावर एक दिवसाची कार्यशाळा घ्यायचे ठरवले. मंडळात या विषयातले कळणारी एकच व्यक्ती होती, म्हणून तिला समितीत घेतले नाही.

ती व्यक्ती म्हणजे रत्नमालाताई. नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीने जयपुरात आल्या आणि चौदा वर्षे मंडळाचे वाचनालय सांभाळत राहिल्या. गोपालपुऱ्यातली कोचिंग क्लासची मुले अख्खी पुस्तके झेरॉक्सला मागत. त्यांना नाही कसे म्हणायचे, हे शोधता शोधता ताईंनी चाळीस पानांची पुस्तिका लिहून काढली. इथले ग्रंथपाल हिंदी वाचतात, म्हणून हिंदीतून. तीच कार्यशाळेत वाटायची ठरली. ताईंचे मागणे एवढेच, की मुखपृष्ठावर आपले नाव असावे. आजवर ते एकदाच छापून आले होते, लग्नपत्रिकेत, आणि ती काही कोणी जपून ठेवली नव्हती.

"अहो, नाव येणारच," अध्यक्ष दिनकरराव म्हणाले. "पुस्तिका तुमची आहे."

मुखपृष्ठावर आश्रयदाते आले, उद्घाटक आले, प्रमुख पाहुणे आले. खाली प्रायोजक आले, म्हणजे गोपालपुऱ्यातले एक झेरॉक्स सेंटर, 'संपूर्ण पुस्तक अर्ध्या तासात' या ब्रीदासह. जागा संपली. आतल्या पानावर अध्यक्षांचे मनोगत होते आणि छायाचित्र. छायाचित्र लहान केले तर अध्यक्ष ओळखू येईनात, मोठे केले तर नाव बसेना. समितीने दोन बैठका घेऊन छायाचित्राच्या बाजूने कौल दिला.

राहिले मागचे पान. तिथे चिटणीस स्वप्नाली आडवी आली. सीतापुऱ्यातल्या कंपनीत ती कागदपत्रांची तपासणी बघते, त्यामुळे तपासल्याशिवाय तिला काही चालत नाही.

"मतलब ताई, तुम्हीच लिहिलंय हे आम्हाला माहीत आहे. पण मंडळाला कुठे माहीत आहे?"

मंडळाला माहीत व्हावे म्हणून एक अर्ज तयार झाला. सोबत पुरावा हवा होता, लेखिकेचे नाव असलेल्या छापील प्रतीचा. ताईंनी हस्तलिखित वही आणून दिली. वहीवर 'मंडळाची मालमत्ता' असा शिक्का बसला आणि कोणी नक्कल करू नये म्हणून ती कपाटात कुलूपबंद झाली.

कार्यशाळेला साठ ग्रंथपाल आले. ताईंना नावनोंदणीच्या टेबलावर बसवले होते. साठ जणांची नावे त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिली. व्यासपीठावरून बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञांनी पुस्तिका पहिल्या पानापासून वाचून दाखवली आणि या मौलिक विचारांबद्दल शाल स्वीकारली.

दुपारी शहराच्या टोकाच्या कानोता भागातले वृद्ध ग्रंथपाल राघवजी उठले. इतके सोपे करून आजवर कोणी सांगितले नव्हते, असे म्हणाले. मग विचारले, "लेकिन ये लिखी किसने है?"

सभागृहाने पुस्तिका उलटसुलट करून पाहिली. प्रायोजकांचा फोन नंबर सापडला.

ताई टेबलामागून उठल्या. "मी," त्या हळूच म्हणाल्या.

दिनकररावांनी शांतपणे माइक घेतला. "ताईंचा अर्ज विचाराधीन आहे. आणि लेखकाची खात्री पटेपर्यंत त्याला अज्ञात मानावं, असं पुस्तिकेतच म्हटलंय. पान एकोणतीस."

ताईंना ते पान पाठ होते. त्या खाली बसल्या.

सभागृह मात्र पेटले. कोणाची तरी मेहनत अशी निनावी वापरायची म्हणजे काय? निषेधाचा ठराव आला, दिनकररावांनी स्वतः अनुमोदन दिले, एकमताने मंजूर झाला. मग त्या अज्ञात लेखकाचा सन्मान व्हावा, अशी सूचना आली. सन्मान करण्याजोगे अज्ञात लेखक सहसा हयात नसतात, हे ध्यानात घेऊन सगळे दोन मिनिटे स्तब्ध उभे राहिले.

ताई बसूनच होत्या. स्वप्नाली त्यांच्या कानाशी वाकली.

"ताई, प्लीज उभ्या राहा ना. बाहेरची माणसं आलीत, मंडळाला हे बरं दिसतं का?"

ताई उभ्या राहिल्या. डोळे मिटून, पूर्ण दोन मिनिटे.

तुम्ही तिथे असता तर गप्प बसला नसता, हे अगदी मान्य. एवढेच सांगा, आज सकाळी फार आवडली म्हणून तुम्ही अकरा जणांना जी कविता पाठवली, ती कोणाची होती? नाव आठवत नसेल तर हरकत नाही. दोन मिनिटे उभे राहा.