कोंबड्याचा होकार

गाडीत सगळ्यांत आधी जाऊन बसली ती आमा, पवित्राची सासू. तिच्या मांडीवर कापडी पिशवी होती, आणि पिशवी श्वास घेत होती.

पवित्राने ते अंगणातूनच पाहिलं. हातातला सेलरोटीचा डबा तसाच धरून ती गाडीच्या खिडकीपाशी गेली. पाहुणे अजून वर कपडे करत होते. काठमांडूहून काल आलेले भोजराज बस्नेत आणि त्यांच्या पत्नी कल्याणी, म्हणजे पवित्राच्या मुलीचे, स्मारिकाचे, होऊ घातलेले सासू-सासरे. दोघांच्या गळ्यात तुळशीची कंठी, घरात कांदा-लसूणसुद्धा नाही. आज त्यांना पोखरा दाखवायचं आणि संध्याकाळी जेवताना मुलीचं पक्कं करायचं, असं ठरलं होतं. त्या ठरलेल्यात आमा नव्हती, आणि पिशवी तर नव्हतीच.

"आमा, हे काय?"

"कोंबडा."

"ते कळलं. आज कशाला?"

"आज शनिवार, बळीचा वार. तळ्यातल्या बाराहीदेवीला नवस बोललेय, नातीचं जमणार असेल तर लाल कोंबडा देईन. गाडी तळ्यावर जातेच आहे, मग मी निराळी कशाला जाऊ?"

"अजून जमलेलं नाहीये, आमा."

"म्हणून तर विचारायचं. पाणी शिंपडल्यावर याने अंग झटकलं तर देवीचा होकार. नाही झटकलं तर हे लग्न मी होऊ देणार नाही."

या घरात आमाच्या नकाराविरुद्ध भिंतीत खिळासुद्धा ठोकला गेला नव्हता. पण पवित्रा शाळेत विज्ञान शिकवत होती, आणि चुकीचं ऐकून गप्प बसणं तिला जमत नसे.

"तो होकार नसतो, आमा. डोक्यावर पाणी पडून थेंब कानात गेला, की कुठलाही पक्षी मान झटकतो. आपोआप. देवीचा त्यात काही संबंध नाही."

"कानात?"

"कानात. पिसांखाली असतो, दिसत नाही."

"बरं," आमा म्हणाली, आणि तिने पिशवीची नाडी आवळली.

जिन्यावर पाहुण्यांच्या चपला वाजल्या. पवित्राने अंगावरची शाल काढून पिशवीवर टाकली. तिचे कान गरम झाले होते, कारण खरी अडचण कोंबड्याची नव्हती. दोन महिन्यांपूर्वी फोनवर कल्याणींनी सहज विचारलं होतं, "तुमच्याकडे खाणंपिणं कसं असतं?" पवित्रा म्हणाली, "साधंच. डाळ, भात, भाजी." तिकडची शांतता इतकी प्रसन्न होती, की ती भरून काढायला तिने पुढचं वाक्य जोडलं, "मांस-मच्छी आमच्या घरात येतच नाही." ते इतक्या सहज निघालं, की कोण बोललं ते पाहायला तिने मागे वळून पाहिलं होतं. त्यानंतर पाहुणे येणार म्हणून तिने फ्रीज सोड्याने धुतला, आणि मटणाचा कुकर शेजारणीकडे पाठवून दिला. मुलांना प्रयोगवहीत मनचे आकडे लिहू नका, असं ती वर्षानुवर्षं बजावत आली होती.

सारंगकोटच्या टेकडीवर सूर्योदय दिसला नाही. ढग असे बसले होते, जणू त्यांनी जागा आधीच राखून ठेवल्या होत्या. पवित्राचा नवरा टंकप्रसाद कठड्याशी उभा राहून पाहुण्यांना ढग दाखवू लागला.

"तो लांबट आहे ना, त्याच्या मागे अन्नपूर्णा. आणि हा टोकदार ढग, त्याच्या बरोब्बर मागे माछापुछ्रेचं शिखर."

"छान," भोजराज म्हणाले. ते सभ्य गृहस्थ होते.

पूर्वेला जरासं तांबूस झालं. सगळे गप्प झाले. आणि त्या शांततेत, मागे उभ्या असलेल्या गाडीतून, पूर्ण ताकदीने कोंबडा आरवला. कोंबड्याच्या आत स्वतःचं घड्याळ असतं, आणि ते पिशवीतल्या अंधाराला जुमानत नाही, हे पवित्राला माहीत होतं. तिने डोळे मिटून घेतले.

"माझा फोन," टंकप्रसाद म्हणाला.

सारंगकोटच्या त्या वाडीत घरटी दोन कोंबडे होते आणि एव्हाना सगळेच ओरडत होते. टंकप्रसाद नुसता गप्प राहिला असता तरी चाललं असतं. पण आता फोन म्हटलं होतं.

"गाडीत राहिला वाटतं," तो म्हणाला, धावत गाडीकडे गेला आणि खिशातच असलेला फोन हातात नाचवत परत आला.

भोजराजांना तो आवाज फार आवडला. "अगदी खरा वाटतो. टंकजी, मलाही पाठवा ना."

"जुना फोन आहे, दाजू. त्यातून काही बाहेर जात नाही."

तेवढ्यात फोन वाजला. काठमांडूहून स्मारिका विचारत होती, सगळं नीट चाललंय ना. पण फोन आरवला नव्हता, बासरीच्या धुनेवर वाजला होता.

"मुलीसाठी निराळी धून ठेवलीय," टंकप्रसाद म्हणाला. त्याच्या कपाळावर त्या थंडीत घाम होता.

विंध्यवासिनीच्या देवळात गर्दीमुळे निभावलं. पाताले छांगोचा धबधबा पाहायला गेल्यावर मात्र टंकप्रसाद तिकिटं काढायला उतरला, फोन सोबत घेऊन गेला, आणि गाडीत कोंबडा आरवला.

भोजराजांनी मान वळवली. "फोन तर त्यांच्याकडे आहे ना?"

"माझ्याही फोनवर तोच आवाज आहे," पवित्रा म्हणाली. "आमच्या घरात सगळ्यांचा एकच."

"आमांचाही?" कल्याणींनी हसून विचारलं.

"मला फोन नाही," आमा म्हणाली. "माझ्याकडे कोंबडा आहे."

कल्याणी इतक्या हसल्या की त्यांनी पदराने डोळे पुसले. "आमा फार गमतीच्या आहेत." पवित्राही हसली. त्या हसण्याने तिचे गाल दुखले. धबधबा तिने पाहिला असेल, पण विचारलं तर तो वरून खाली पडत होता एवढंच तिला सांगता आलं असतं.

तळ्यावर पोचेपर्यंत तिने बेत केला. आमा आणि पिशवी एका नावेत, पाहुणे दुसऱ्या. ते देऊळ पाहतील तोवर आमाचं उरकेल. पण शनिवारी बाराहीला जायला अर्धं पोखरा काठावर उभं असतं. मोठ्या मुश्किलीने एक नाव मिळाली. पवित्रा काही बोलायच्या आत कल्याणींनी आमाचा दंड धरला.

"मी आमांजवळच बसणार. त्यांच्याशी माझं जमलंय."

नाव वल्हवणारी बाई आडव्या बांध्याची आणि सरळ तोंडाची होती. तिने पिशवीकडे एकदा पाहिलं आणि वल्हं पाण्यात घातलं. बेट जवळ आलं तशी मागून येणाऱ्या नावेची लाट लागली. नाव डुलली, आधारासाठी कल्याणींनी पिशवीवर हात टेकला, आणि शाल घसरून पिशवीच्या तोंडातून एक लाल तुरा आणि एक गोल डोळा बाहेर आला.

कोंबड्याने कल्याणींकडे पाहिलं. कल्याणींनी कोंबड्याकडे.

मग भोजराज खाली वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "हाच का तो फोन?"

पवित्राला वाटलं, आता या तळ्याची खोली किती असेल.

"हा कशासाठी आणलाय?" कल्याणींनी विचारलं.

"सोडायला," टंकप्रसाद म्हणाला. "देवीच्या नावाने मोकळा सोडायला. जीवदान."

वल्हेवालीने वल्हं थांबवलं. "बाराहीला? शनिवारी?"

"तुम्ही चला पुढे," टंकप्रसाद म्हणाला.

कल्याणींच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती चांगलं मन आहे तुमचं. आणि मघापासून लपवताय." त्यांनी विंध्यवासिनीचा प्रसाद काढून कोंबड्याला भरवायला सुरुवात केली. कोंबडा लगेच खाऊ लागला. आमाने सुनेकडे एकदा पाहिलं आणि तोंड तळ्याकडे फिरवलं. तेच पवित्राला सगळ्यांत बोचलं.

बेटावर उतरल्यावर आमा कोणासाठी थांबली नाही. ती सरळ देवळाच्या त्या कडेला गेली, जिथे कोंबडे, बोकड घेतलेल्या माणसांची रांग होती. कल्याणी हात जोडून तिच्या मागे गेल्या. त्यांना जीवदान बघायचं होतं.

नंबर आला. आमाने कोंबडा दगडावर उभा केला, अक्षता टाकल्या, फूल ठेवलं आणि पितळी लोट्यातलं पाणी शिंपडलं. कोंबडा उभाच राहिला. तिने पुन्हा शिंपडलं. त्याने अक्षतांमधला एक दाणा टिपला.

पुजारी वाकून पाहू लागला. "हलत नाही, आमा."

"दिसतंय मला."

"घरातलं कोणी काही चुकलंय का? माफी मागा. देवीला काहीतरी पटलेलं नाही."

"हलला नाही तर लग्न नाही," आमा टंकप्रसादला म्हणाली. "सकाळीच सांगितलंय मी."

मागची रांग पुढे सरकली. कोणी म्हणालं, थोडं अजून पाणी टाका. कोणी म्हणालं, पाणी नाही, खरं बोला, गेल्या वर्षी आमच्या बोकडाने असंच केलं होतं. कल्याणींचे जोडलेले हात सुटले. आजूबाजूला पाहून त्यांना आता कळलं होतं, की इथे कोणालाच मोकळं सोडत नाहीत.

टंकप्रसादने घसा साफ केला. "तो फोन नव्हता," तो कोंबड्याला म्हणाला. रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. "आणि जीवदान पण नव्हतं."

आमाने पाणी ओतलं. कोंबडा नुसता पाहत होता.

"अजून कोणीतरी आहे," पुजारी म्हणाला.

पवित्रा खाली बसली. दगडावर कोंबड्याचे पाय ओले झाले होते, बोटं आखडली होती. तिच्या मनात आलं, ही सगळी भोळी समजूत आहे, मी उठून तसं सांगू शकते. पण तसं सांगायला जो आवाज लागतो, तो दोन महिन्यांपूर्वीच तिच्याकडून गेला होता.

"मी फोनवर दिदींना सांगितलं, की आमच्या घरात मांस येत नाही," ती म्हणाली. "येतं."

"मिस, जरा मोठ्याने बोला ना," मागून आवाज आला. "इथपर्यंत ऐकू येत नाही." तिने वळून पाहिलं. हातात बोकडाची दोरी धरलेला तो तिचाच जुना विद्यार्थी होता. दहावीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा, आणि तीच त्याला हे वाक्य म्हणायची.

"येतं," पवित्रा मोठ्याने म्हणाली. "दर शनिवारी. आणि उरलेलं रविवारी. तुम्ही येणार म्हणून मी कुकर शेजारी लपवला. माझ्या मुलीला चांगलं घर मिळावं म्हणून मी खोटं बोलले, आणि ते मुलीलाही सांगितलं नाही."

कल्याणी तिच्याकडे पाहत होत्या. पवित्राला त्या नजरेला नजर देता येईना. आमाने लोटा कलता केला. कोंबडा हलला नाही.

पुजाऱ्याने हात पसरले. "अजून आहे."

"आता आमच्या घरातलं कोणी उरलं नाही," टंकप्रसाद रडवेला होऊन म्हणाला.

तेव्हा भोजराज बस्नेत एक पाऊल पुढे आले. त्यांनी आधी टोपी सारखी केली. "काल संध्याकाळी," ते म्हणाले, "मी उद्याचं हवामान बघून येतो म्हणून बाहेर गेलो होतो. हवामान बघितलं नाही. तळ्याकाठी तळलेले मासे खाल्ले. दोन ताटं." थोडं थांबून त्यांनी सांगितलं, "काठमांडूतही मी अधूनमधून हवामान बघायला जातो."

रांगेतही कोणी हसलं नाही. सगळे कल्याणींकडे पाहू लागले.

"मला माहीत आहे," कल्याणी म्हणाल्या. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. "पहिल्यापासून माहीत आहे. परत आल्यावर तुम्ही वेलची खाता. बोलले तर घरात आणून खाल, म्हणून मी कधी बोलले नाही. आणि जगाला सांगत राहिले, आमचं घर शुद्ध."

आमा वाकली, कोंबड्याच्या डोक्यावरून हात फिरवला, उरलेलं पाणी ओतलं. कोंबड्याने मान झटकली, मग पंख, मग सगळं अंग, आणि पाचही जणांच्या तोंडावर पाणी उडालं.

"हो म्हणाला," रांग एका सुरात म्हणाली. पुजाऱ्याने हात पुढे केला. आमाने कोंबडा उचलून पुन्हा पिशवीत घातला.

"आमा, पुढचं?"

"मी देवीला कोंबडा देईन म्हटलं होतं. तो तिने बघितला, त्याने होकार दिला. माझ्या मुलाने या बाईंना जीवदान कबूल केलंय. घरातलं एकतरी खोटं खरं होऊ दे."

परतीच्या नावेत कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. ढग उठले होते. माछापुछ्रे शेंड्यापासून पायथ्यापर्यंत उघडा पडला होता आणि तसाच उलटा तळ्याच्या पाण्यातही उभा होता. तो पाहायला माणसं काठमांडूहून येतात, आणि इथे चार माणसं आपापल्या गुडघ्यांकडे पाहत होती. बऱ्याच वेळाने कल्याणी म्हणाल्या, "तुमच्या मुलीला खायचं ते खाऊ दे. यांना सोबत होईल. निदान हवामान घरात बसून बघतील." पवित्राने मान हलवली. धन्यवाद म्हणायचीही तिला लाज वाटली.

पिशवीत कोंबडा आरवला. टंकप्रसादचा हात खिशाकडे गेला आणि अर्ध्यावरून परत आला.

पवित्रा आमाशेजारी बसली होती. पिशवीतून बाहेर आलेल्या मानेकडे ती पाहत राहिली. शेपटी निथळत होती. पाठ चिंब होती, पाय चिंब होते. तुरा मात्र जवळजवळ कोरडा होता, फक्त एका बाजूचं, कानावरचं, पीस ओलं होतं.

"आमा," ती हळूच म्हणाली, "पाणी सगळा वेळ शेपटीवर पडत होतं."

"हं."

"शेवटचंच तेवढं कानात घातलंत."

"तूच म्हणालीस ना सकाळी, कानात गेलं की झटकतोच."

"मग पहिल्यांदाच का नाही घातलं?"

आमाने कोंबड्याचं डोकं पदराने टिपलं, नीट, दोन्ही कानांपाशी.

"तेव्हा तुमचं कुठे बोलून झालं होतं?"