गणराजच्या बँडात माणसं किती

बोर्ली पंचतनच्या बाजारात गणराजचं चष्म्यांचं दुकान होतं. एका सोमवारी सकाळी त्याने दुकानाच्या पाटीखाली दुसरी, जरा लहान पाटी लावली. 'गणराज लाइव्ह. एका माणसाचा बँड. लग्न, साखरपुडा, बारसं.' पाटी सरळ बसली आहे का हे बघायला तो रस्त्याच्या पलीकडे गेला, तर तिथे बाबाजी आधीच उभे राहून पाटी वाचत होते.

बाबाजी म्हणजे गेली तीस वर्षं आसपासच्या गावांतल्या हळदी आणि वराती वाजवणारा माणूस. त्यांच्या बेंजो पार्टीत अकरा जण होते. त्यांनी पाटी वाचली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली.

"गणराज, येका मानसाचा बँड कसा रं असतो?"

हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून गणराज दोन वर्षं थांबला होता. आजवर कोणी विचारलाच नव्हता. तो बाबाजींना हाताला धरून दुकानात घेऊन गेला. डोळे तपासायच्या खुर्चीमागे गिटार, ढोलकी, खुळखुळा, माइक आणि जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र मांडलेलं होतं.

"हा लूपर," गणराज म्हणाला. "आधी मी ढोलकी वाजवतो. पायाने हे बटण दाबलं की मशीन ती ऐकून ठेवतं आणि पुन्हा पुन्हा वाजवत राहतं. त्याच्यावर खुळखुळा चढवायचा. मग गिटार. मग गाणं. थरावर थर."

त्याने करून दाखवलं. चार मिनिटं लागली. बाबाजींनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं.

"म्हंजे ढोलकी तू येकदाच वाजवलीस."

"हो."

"आन मग ती वाजतच ऱ्हायली."

"हो, पण ती टेप नाही. तुमच्यासमोर तयार झाली."

"झाली की. बघितलं मी. पन माझा ढोलकीवाला सुजित हाय ना, तो मधीच माझ्याकडं बघतो. मी मान हलवली का चाल बदलतो. तुझी ढोलकी बघते का तुझ्याकडं?"

"दोन्हीकडे मीच असतो, त्यामुळे बघायची गरज पडत नाही," गणराज म्हणाला. हे वाक्य तोंडात असताना फार चांगलं वाटत होतं. बाहेर आल्यावर तितकंसं राहिलं नाही.

"मंग तो बँड न्हाय," बाबाजी उठत म्हणाले. "हिरीत वाकून ओरडलं तरी तेवढं व्हतं."

त्या दिवशी गणराजने दोन गिऱ्हाइकांना चुकीच्या नंबरचे चष्मे दिले. संध्याकाळी जेवताना त्याने सगळा वाद बायकोसमोर, सुचितासमोर, मांडला.

"बँड आहे की नाही हे आवाज किती येतात त्यावर ठरतं," तो म्हणाला. "माणसं किती, याचा काय संबंध?"

"मग तुम्ही घरात एकटे असलात तरी बँडच असतो," सुचिता म्हणाली आणि त्याला आणखी एक भाकरी वाढली.

खरं सांगायचं तर गणराजला स्वतःबद्दल फारसे गैरसमज नव्हते. होते ते थोडेच, पण मोठे होते. त्याचे आजवर दोन जाहीर कार्यक्रम झाले होते. पहिला शाळेच्या स्नेहसंमेलनात. त्यात दुसरा थर चढवताना वीज गेली. दुसरा दुकानाच्या वाढदिवसाला. त्याला सुचिता होती आणि एक म्हातारे गृहस्थ होते, ज्यांचा चष्मा दुरुस्तीला टाकलेला असल्यामुळे त्यांना उठून जाता येत नव्हतं. तेव्हा एखादं खरंखुरं लग्न वाजवावं आणि सगळ्या बाजाराने ते ऐकावं, एवढीच त्याची इच्छा होती.

दहा दिवसांनी अल्पेशचा फोन आला. अल्पेशचा स्वतःचा टेम्पो होता आणि तो कायम टेम्पो चालवतानाच फोन करी.

"आमच्या राहुलचं लगीन हाय," तो वाऱ्याच्या आवाजात ओरडला. राहुल त्याचा पुतण्या. "बाबाजींना त्या दिवशी दुसरी सुपारी हाय. वरातीला बँड पायजे. किती जनांचा तुमचा?"

इथे 'मी एकटाच आहे' एवढं म्हटलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण गणराजला बाबाजींची विहीर आठवली. "पाच जणांचा आवाज निघतो," तो म्हणाला. वाऱ्यात अल्पेशला 'पाच जण' तेवढं ऐकू गेलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता गणराज मुलीच्या गावी मारुतीच्या देवळात पोचला. नवरदेवाची मंडळी तिथे उतरली होती. तिथून वाजतगाजत मुलीच्या मांडवात जायचं, अंतर म्हणाल तर अर्धा किलोमीटर. देवळाच्या ओट्यावर नवरदेवाची आजी ठमाबाई पोह्यांच्या पाच बशा भरून बसल्या होत्या.

"बाकीचे चार कुठं हायत?" त्यांनी विचारलं.

"बाकीचे कोणी नाहीत, आजी. सगळं मीच वाजवतो."

ठमाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग बशांकडे पाहिलं. "सगळं तूच वाजवतोस, तं सगळं तूच खा," त्या म्हणाल्या. "मी आता कुनाला बोलवू?"

गणराजने साडेतीन बशा खाल्ल्या. बँड म्हणून आपण कुठेही कमी पडू नये असं त्याला वाटत होतं.

त्यानंतर अल्पेशच्या पहिल्यांदाच लक्षात आलं की या बँडाला चालता येत नाही. बटणं पायाने दाबायची, म्हणजे पाय जागेवर हवेत. वीज हवी. शेवटी अल्पेशचा टेम्पो पुढे घ्यायचं ठरलं. हौद्यात बॅटरी, इन्व्हर्टर, कर्णा, लूपर आणि गणराज. जागा उरली म्हणून प्लॅस्टिकची एक खुर्ची ठेवली आणि तीत ठमाबाईंना बसवलं, कारण त्यांच्या गुडघ्यांना चालणं झेपत नव्हतं. त्यांची बहीण आवडाबाई टेम्पोच्या फळीला धरून बाजूने चालणार होती. तिचे गुडघे बरे होते आणि तिला सगळं ऐकायचं होतं.

टेम्पो निघाला. गणराजने बटण दाबून ढोलकीवर थाप मारली. पहिला थर बारा सेकंदांचा. या बारा सेकंदांत माइक ढोलकी ऐकत होता, तसाच शेजारच्या खुर्चीलाही ऐकत होता. मुलीकडच्यांनी आजेसासूच्या मानाची म्हणून दिलेली साडी ठमाबाई नेसून बसल्या होत्या. पदर दोन बोटांत धरून त्या आवडाबाईला म्हणाल्या,

"साडी हाय का मच्छरदानी?"

ढोलकीच्या नादात गणराजला ते ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा बटण दाबलं आणि थर सुरू झाला. धिन् धा धिन् धा, आणि बरोबर समेवर कर्ण्यातून ठमाबाई: "साडी हाय का मच्छरदानी?"

वरातीतल्या लोकांनी टेम्पोकडे माना वळवल्या. बारा सेकंदांनी पुन्हा आलं. तेव्हा मागच्या पोरींनी हसू दाबलं. ठमाबाई खुर्चीत ताठ झाल्या.

"हे मी बोलले?"

"हो, आजी."

"मंग मी गप बसलेय ती आताबी कशी बोलतेय?"

आता हे पुसायचं कसं, याचा गणराज विचार करू लागला. मशीनला शेवटचा थर पुसता येई, पण पहिला थर पुसायचा तर बटण दोन सेकंद दाबून धरावं लागे. गावातल्या त्या रस्त्यावर दोन सेकंद एका जागी पाय ठेवायची सोय नव्हती. दर वेळी खड्डा येई, पाय उडे आणि मशीन आणखी काहीतरी भलतंच करी. अल्पेशला थांबायला सांगावं, तर पुढे कर्ण्याच्या आवाजात अल्पेशला काही ऐकू जात नव्हतं. तो खिडकीतून हात काढून 'झकास' असं दाखवत होता.

मग गणराजने बुद्धी चालवली. आवाज पुसता येत नसेल तर झाकावा. त्याने वर खुळखुळ्याचा थर चढवला. पण कर्णा त्याच्याकडेच तोंड करून होता आणि माइक उघडा होता. त्यामुळे खुळखुळ्याबरोबर कर्ण्यातली मच्छरदाणीही पुन्हा भरली गेली. आता ठमाबाई दोन झाल्या. त्याने गिटार चढवली, तेव्हा तीन. गाणं म्हणून पाहिलं, तेव्हा चार, आणि त्यातल्या दोघी जरा मागून येत होत्या. दोन वर्षं रोज सराव करूनही गणराजला स्वतःचा आवाज असा कधी साधला नव्हता. चाल इतकी पक्की बसली की वरातीतले लोक आता हसायचं सोडून नाचायला लागले. नवरदेव घोड्यावरून खाली उतरायला निघाला, त्याला मामाने वर बसवला.

"बंद कर रं बाबा," ठमाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "मांडव आला. चंद्राबाई ऐकंल. पोरगी आजच घरात येतेय. तिच्या आईला पह्यल्याच दिवशी हे ऐकू घालू मी?"

गणराजने समोर पाहिलं. आंब्याची पानं बांधलेला मांडवाचा खांब शंभर पावलांवर दिसत होता. खांबाशी आरतीचं ताट घेऊन मुलीची आई चंद्राबाई उभी होती. दोन वर्षांत पहिल्यांदाच लोक आपल्या वाजवण्यावर नाचत आहेत, हे त्याला दिसत होतं. एवढा वेळ वायर का उपटली नाही, याचं खरं कारणही त्याला त्याच क्षणी कळलं आणि त्याची त्याला लाज वाटली. त्याने इन्व्हर्टरची वायर उपटली.

सगळं एकदम थांबलं. नाचणारे हात वर तसेच राहिले. गणराजने ढोलकी गळ्यात अडकवली, हौद्यातून खाली उडी मारली आणि उरलेली शंभर पावलं नुसती ढोलकी वाजवत चालला. साडेतीन बशा पोह्यांमुळे त्याला धाप लागत होती आणि ताल दोनदा चुकला. ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळे चंद्राबाईंकडे बघत होते.

चंद्राबाईंनी नवरदेवाला ओवाळलं. मग ताट बाजूच्या बाईच्या हातात देऊन त्या सरळ टेम्पोपाशी आल्या. ठमाबाई खुर्चीतच होत्या, आणि पदर त्यांनी हातात गोळा करून लपवला होता.

"आजी, पडवीपातुर ऐकू आलं," चंद्राबाई म्हणाल्या.

"चुकलं माझं, बाय," ठमाबाई म्हणाल्या. "तोंडातून गेलं."

"चुकलं कुठं? मी आठ दिस झाले तेच सांगतेय. ही साडी आमच्या ह्यांनी एकट्यानं जाऊन आनली. मी म्हटलं आरपार दिसतं, तं म्हनतात तुला काय कळतंय. घरात कोन ऐकतं माझं?" त्यांनी मान वळवून हाक मारली. "अवो, हिकडं या."

मुलीचे वडील बुधाजी मांडवातून आले. ते माणूस म्हणून सरळ होते, पण आपली निवड कधी चुकत नाही असं त्यांचं मत होतं.

"दादा, ते परत लावा जरा," चंद्राबाई गणराजला म्हणाल्या. "हे मागं आचाऱ्यापाशी व्हते. ह्यांनी ऐकलंच न्हाय."

"आता नाही लागणार, ताई. वायर काढली की सगळं पुसलं जातं."

चंद्राबाईंचा चेहरा पडला. तो बघून ठमाबाईंना राहवलं नाही. त्यांनी गणराजला माइक जोडायला सांगितलं, पदर सोडून नीट खांद्यावर घेतला, घसा साफ केला आणि बुधाजींकडे बघत, सावकाश, एकेक अक्षर वेगळं करून तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मांडवभर ऐकू गेलं. बुधाजींनी पदराला हात लावून पाहिला, उन्हात धरला आणि त्यातून त्यांना समोरचा टेम्पो दिसला.

"जरा पातळच हाय," ते म्हणाले.

जेवणाच्या पंगतीत ठमाबाई आणि चंद्राबाई शेजारी बसल्या आणि वाढप्याला दोघींनी मिळून नावं ठेवली.

गणराजने त्या रात्री पाटी उतरवायचं ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत म्हसळ्याहून फोन आला. कोणीतरी वरातीचा व्हिडिओ पुढे पाठवला होता.

"तो मच्छरदाणीवाला बँड तुमचाच ना? आमच्याकडे साखरपुडा आहे."

"माझाच," गणराज म्हणाला. छाती जराशी फुगली.

"मग त्या आजी येणार असतील तर सांगा. नुसतं तुम्ही असाल तर राहू द्या."

गणराजने ही गोष्ट सुचिताला सांगितली. ती इतका वेळ हसली की तोही हसायला लागला. मग तो संध्याकाळी मुकाट्याने ठमाबाईंच्या घरी गेला. त्या अंगणात सुकट निवडत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि आवडाबाईलाही बरोबर न्यायचं कबूल करून घेतलं.

"येते मी," त्या म्हणाल्या. "पन येक सांगू का, गणराज? तुझी ती ढोलकी जरा हळू वाजव. तुझ्या दणदणाटात माझं कुनाला नीट ऐकाय येत न्हाय."

"बरं, आजी," गणराज म्हणाला.

"आन गिटार कशापायी?" ठमाबाईंनी सुपातला खडा काढून फेकला. "ती नसली तरी चालंल."