तोळाभर गाळ

पालीच्या बाजारात सोनाराचं दुकान एकच होतं, आणि त्या दुकानाच्या तराजूत सोन्यापेक्षा चिखल जास्त वेळा बसे. मी तिथल्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो ती एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. बिऱ्हाड मिळालं ते भिकूशेटच्या दुकानाला लागूनच. पहिल्याच सकाळी पाहतो तर हे गृहस्थ नाकावर चष्मा उतरवून तोळाभर काळा गाळ गुंजांनी तोलत बसलेले.

"तळ्यातला आहे," मान वर न करता ते म्हणाले.

गाळ आधी उन्हात खडखडीत वाळवायचा, तोलायचा, मुशीत घालून भट्टीत लाल करायचा आणि निवला की पुन्हा तोलायचा. रस्त्यावरची तांबडी माती असली तर वजनात फारसा फरक पडत नसे. तळ्यातला गाळ मात्र चांगलाच हलका होऊन निघे. मग भिकूशेट समाधानाने मिशीवरून हात फिरवत आणि म्हणत, "गेलं ते पाल्याचं, राहिलं ते डोंगराचं."

गिऱ्हाइकं अर्थातच धास्तावलेली असत. "शेट, माझ्या नथीत चिखल नाही ना गेला?" असं एका बाईने विचारलेलं मी स्वतः ऐकलंय. त्यावर शेट शांतपणे म्हणाले, "नाही हो. चिखल कमी पडतोय."

गावामागच्या तळ्यात कमळं, लव्हाळे, पाणकणीस आणि शेवाळ नुसतं माजलेलं असे. दिवाळीनंतर ते वाळू लागे, मोडून पाण्यात पडे आणि तळाशी जाऊन कुजत बसे. लोकांना त्याची घाण वाटे. भिकूशेटनी त्यातली एकेक काडी आणून दुकानातल्या फळीवर बरण्यांत भिजत घातली होती. बरण्यांना नंबर होते. पाण्याला दिवसागणिक कसा रंग चढतो, ते पेल्यात गाळून, उजेडाला धरून पाहत. कुणी विचारलं, "शेट, माझ्या पाटल्या कधी होणार?" तर लक्ष त्या बरण्यांकडेच. "कुजतंय हो. घाई नको."

एकदा आमच्या शाळेची तपासणी करणारे डिप्टीसाहेब अंगठी सैल करून घ्यायला आले. समोर चार नंबरच्या बरणीतलं पाणी गाळून पेला भरलेला होता. रंग अगदी कोऱ्या चहाचा. साहेबांना वाटलं, आपल्यासाठीच ठेवलाय. त्यांनी तो एका दमात संपवला. मी पेला काढून घ्यायला धावलो. भिकूशेट मात्र पुढे सरकून उत्सुकतेने म्हणाले, "कसा लागला? मला आजवर चाखायचा धीर झाला नव्हता."

त्या वर्षी शाळेचा शेरा काही चांगला आला नाही.

मी ट्रेनिंग कॉलेजात थोडं शास्त्र शिकलो होतो. एकदा ऐट दाखवायला म्हटलं, "शेट, गाळातलं जे जळून जातं ना, त्यातला मुख्य ऐवज म्हणजे कार्बन." त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. "नाव बरं आहे. पण मी आपला पालाच म्हणेन. झाड हवेतून खातं, मेलं की तळ्यात बसतं. थोडं पाण्यात उतरतं, थोडं वाऱ्यावर जातं, उरलेलं गाळात राहतं. ज्या मातीत काही जळण्याजोगं नाही मास्तर, तिच्यात काही रुजत नाही."

पुढच्या वर्षी गावात हिवतापाची साथ आली. देवळात बैठक भरली आणि ठरलं, की तळं साफ करायचं आणि काढलेलं सगळं काठावरच जाळून टाकायचं. चार माणसांत कधी तोंड न उघडणारे भिकूशेट त्या दिवशी उभे राहिले.

"काढा. काढायलाच हवं. पण जाळू नका. धुरात जाईल सगळं. मला द्या."

लोक हसले. खोत म्हणाले, "घेऊन जा तुझा उकिरडा. दारात मात्र वास येता कामा नये."

वास आलाच. दोन दिवस टोपल्या येत राहिल्या. भिकूशेटच्या परसात तीन मोठे खड्डे भरले, वर वाळक्या पानांचा पातेरा पसरला. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकींनी, नाकाला पदर लावून मला म्हटलं, "मास्तर, तुम्ही तरी सांगा यांना." मी गेलो सांगायला, आणि तासभर खड्ड्यातला गाळ खालीवर करून परत आलो.

वर्षभराने दिवाळी झाल्यावर ते खड्डे उघडले. आत वास नव्हता. काळी, भुसभुशीत, हाताला गार लागणारी माती होती. भिकूशेटनी गाडीवानाला बोलावून ती बैलगाडीत भरली आणि मला म्हणाले, "रविवार आहे, चला सड्यावर. आवडीकडे जायचंय."

आवडी ही त्यांची एकुलती मुलगी. तिला सड्यावरच्या गावात दिली होती. सडा म्हणजे नुसता काळा कातळ, पावसाळ्यानंतर गवतसुद्धा टिकत नाही. नवरा मुंबईला गिरणीत, वर्षातून एकदा शिमग्याला येणारा. घरात ती आणि सासू. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं.

चढाला गाडी संथ झाली तेव्हा भिकूशेट आपणहून बोलले. "तीन वर्षांमागे माहेरपणाला आली होती. जाताना उंबऱ्यावर थांबली. म्हणाली, 'बाबा, तिथं काही रुजत नाही. मातीच नाही तिथं.'"

मागे हात घालून त्यांनी गाडीतली माती चिमटीत घेतली.

"तिला काय म्हणायचं होतं ते कळलं होतं मला, मास्तर. पण त्याला मी काय करणार? माती करणं तेवढं हातात होतं."

आवडीच्या घरामागे कातळात एक खोलगट जागा होती. आम्ही त्या जागेभोवती दगडांचा गडगा घातला आणि माती ओतली. आवडी दारात उभी राहून बघत होती. मग बांगड्या वर सारून खाली उतरली आणि दोन्ही हातांनी माती पसरू लागली. सासूने आतून डब्यात जगवलेली अबोलीची रोपं आणून दिली.

दुपारी आम्ही गाडीच्या सावलीत शिदोरी सोडली. आमच्याकडे रीतच आहे, मुलीला मूल होईतो बाप तिच्या घरचं अन्न घेत नाही. नऊ वर्षं भिकूशेट तिच्या अंगणातूनच परत जात होते.

आवडी हात धुऊन आली. "बाबा, पानं मांडलीत."

"अगं, रीत…"

"मांडलीत," ती म्हणाली आणि आत गेली.

भिकूशेटनी शिदोरी गाडीवानाच्या हातात दिली, पाय धुतले आणि वाकून दारातून आत गेले. नाचणीची भाकरी होती आणि कुळथाची पिठी. आवडीने दुसऱ्यांदा पिठी वाढली, तेव्हा त्यांनी नको म्हटलं नाही.